हृदयाला हंगामी आधार देणारी तार

मनुष्याचे हृदय मिनिटाला सरासरी ७२ वेळा स्पंदन पावते असे धरले, तर एका दिवसात त्याची स्पंदने एक लाखाहून अधिक होतात. हे काम जन्मापूर्वीच सुरू होते आणि अखेरच्या क्षणापर्यंत चालू राहते. म्हणूनच त्याची जाणीव आपणांस सहसा होत नाही. परंतु काही कारणाने ही गती एकाएकी मिनिटाला तीस-पस्तीसवर घसरली, अगर मध्येच काही सेकंद खंडित झाली, तर मेंदूला रक्त अपुरे पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते, शुद्ध हरपते आणि वेळीच उपाय न झाल्यास प्राणांवर बेतते.

अशा वेळी अतिदक्षता विभागातील डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, "हृदयात तार टाकावी लागेल." हे शब्द ऐकताच घरच्या मंडळींचे धैर्य खचते. तार म्हणजे काय, ती हृदयात कशी जाते, ती कायमची राहणार की काय, असे अनेक प्रश्न मनात उभे राहतात. आणि संमतीपत्रावर सही करण्यासाठी हाती थोडीच मिनिटे असतात. या तारेला वैद्यकीय भाषेत 'पेसिंग कॅथेटर' असे म्हणतात. तिची रचना, तिचे कार्य, तिची गरज आणि तिच्यातील धोके यांची ओळख सर्वसामान्य वाचकांस, तसेच रुग्णालयांतून सेवा करणाऱ्या परिचारिका व विद्यार्थी यांस व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हृदयाची अंगभूत वीज

हृदय हा एक स्नायू आहे आणि प्रत्येक आकुंचनापूर्वी त्याला विजेचा एक सूक्ष्म संदेश मिळावा लागतो. हा संदेश मेंदूकडून येत नाही. तो हृदयातच उत्पन्न होतो. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. १९०७ मध्ये इंग्लंडमधील आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी त्याचा शोध लावला. विश्रांतीच्या वेळी हा पुंजका मिनिटाला ६० ते १०० संदेश पाठवितो. अलिंदांतून पसरून हा संदेश अलिंद व निलय यांच्या सीमेवरील दुसऱ्या गाठीपाशी येतो. ही गाठ १९०६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी वर्णन केली. तेथे तो सुमारे एक दशांश सेकंद थबकतो, जेणेकरून अलिंदांतील रक्त निलयांत उतरण्यास अवधी मिळावा. पुढे विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये दाखवून दिलेल्या तंतूंच्या जुडीतून आणि तिच्या उजव्या-डाव्या शाखांतून तो दोन्ही निलयांत पोहोचतो.

शेतकरी बांधवांस ही व्यवस्था पाटाच्या पाण्यावरून चटकन समजेल. वरून पाणी सुटते, पाटाच्या दारापाशी ते क्षणभर अडते, मग चाऱ्यांतून आणि सरींतून शेतभर पसरते. मधले दार बंद पडले तर वर पाणी असूनही खालचे शेत कोरडे राहते. हृदयात मधली गाठ किंवा तिच्या खालचे तंतू निकामी झाले म्हणजे हेच घडते. अलिंदे आपल्या गतीने आकुंचन पावत राहतात, परंतु निलयांपर्यंत संदेश येत नाही. या स्थितीस 'हार्ट ब्लॉक' अथवा हृद्-रोध असे नाव आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निर्माण होतो, त्यालाही लोक व्यवहारात 'ब्लॉक' म्हणतात. पण ते दुखणे वेगळे. तो अडथळा रक्ताच्या मार्गातील, हा विजेच्या मार्गातील.

निसर्गाने अशा प्रसंगासाठी एक राखीव व्यवस्था ठेवली आहे. वरून संदेश येईनासा झाला, तर खालच्या पेशी स्वतःच संदेश निर्माण करू लागतात. मधल्या गाठीजवळच्या पेशी मिनिटाला ४० ते ६० आणि निलयातील पेशी केवळ २० ते ४० संदेश देतात. ही खालची राखीव गती मंद तर असतेच, शिवाय बेभरवशाचीही असते. ती केव्हा थांबेल याचा नेम नसतो. नाडी मंद असताना माणूस अचानक बेशुद्ध होऊन कोसळतो आणि थोड्याच वेळात सावध होतो, हे डब्लिन येथील रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये व विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये नोंदविले होते. परंतु त्यांच्या काळी या विकारावर खात्रीचा उपाय नव्हता. तो हाती येण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

छातीवरून हृदयाच्या आत

हृदयापर्यंत नळी नेता येते, हे प्रथम सिद्ध झाले १९२९ मध्ये. जर्मनीतील एबर्सवाल्ड येथील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांबीची नळी आत सारली आणि क्ष-किरण छायाचित्र काढून ती हृदयात पोहोचल्याचे दाखवून दिले. त्यांच्यावर त्या वेळी टीका झाली. मात्र याच कार्यासाठी १९५६ चे नोबेल पारितोषिक त्यांना आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासमवेत मिळाले.

विजेने हृदय चालविण्याचा व्यवहार्य मार्ग १९५२ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथील पॉल झोल यांनी दाखविला. त्यांनी छातीच्या कातडीवर इलेक्ट्रोड ठेवून बाहेरून विजेचे ठोके दिले आणि थांबू पाहणारे हृदय चालू ठेवले. प्राण वाचत होते, परंतु कातडी व स्नायू ओलांडून हृदयापर्यंत पोहोचण्यास प्रवाह मोठा लागे. त्यामुळे शुद्धीवर असलेल्या रुग्णाला प्रत्येक ठोक्यासरशी वेदना होत आणि कातडी भाजून निघे. हा उपाय फार काळ चालविणे कठीण होते.

दुसरी अडचण भिंतीतील विजेवर अवलंबून राहण्याची होती. मिनेसोटा विद्यापीठातील शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय हे हृदयशस्त्रक्रियेनंतर मुलांच्या हृदयाच्या स्नायूत बारीक तार बसवून ती बाहेरच्या यंत्राला जोडत. यामुळे प्रवाह अगदी थोडा पुरे. पण यंत्र घरगुती विजेवर चालणारे होते. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनीआपोलिस परिसरातील वीजपुरवठा खंडित झाला आणि या पद्धतीतील धोका स्पष्ट झाला. लिलेहाय यांच्या सूचनेवरून अर्ल बाकेन या तंत्रज्ञाने काही आठवड्यांत ट्रान्झिस्टर व बॅटरीवर चालणारे, हातात मावेल असे यंत्र बनविले. त्यातील विद्युत्-मंडलाची कल्पना त्यांना गायन-वादनातील लय मोजणाऱ्या मेट्रोनोम या उपकरणाच्या एका छापील आराखड्यावरून सुचली होती.

छाती न उघडता हृदयाच्या आतून वीज देण्याचे श्रेय न्यूयॉर्कमधील माँटिफिओरे रुग्णालयाचे सेमूर फर्मन व त्यांचे सहकारी जॉन श्वेडेल यांच्याकडे जाते. १९५८ मध्ये त्यांनी शिरेतून कॅथेटर नेऊन त्याचे टोक उजव्या निलयाच्या आतील अस्तराला टेकविले. एका वृद्ध रुग्णाचे हृदय त्यांनी या पद्धतीने ९६ दिवस चालविले. यंत्र एवढे मोठे होते की ते चाकांच्या गाड्यावर ठेवून, लांब वायर लावून रुग्णाबरोबर फिरवावे लागे. तरीही आतून दिलेला प्रवाह सौम्य असल्याने रुग्णाला वेदना होत नव्हत्या, ही मोठीच प्रगती होती. त्याच वर्षी ८ ऑक्टोबर रोजी स्टॉकहोम येथे ओके सेनिंग व रूने एल्मक्विस्ट यांनी संपूर्ण पेसमेकर शरीराच्या आत बसविला. अशा रीतीने हंगामी आणि कायम अशा दोन्ही पद्धतींचा पाया एकाच वर्षी घातला गेला.

कॅथेटरची रचना

हंगामी पेसिंगसाठी वापरावयाचे कॅथेटर म्हणजे सुमारे एक मीटर लांबीची लवचीक, विद्युत्-रोधक आवरण असलेली बारीक वाहिनी होय. तिची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. नेहमीच्या वापरातील कॅथेटर चार ते सहा फ्रेंच, म्हणजे दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असते. तिच्या टोकाशी प्लॅटिनमसारख्या न गंजणाऱ्या धातूचे दोन इलेक्ट्रोड असतात. एक अगदी टोकाला आणि दुसरा त्यापासून साधारण एक सेंटिमीटर मागे. टोकाचा इलेक्ट्रोड यंत्राच्या ऋण अग्राला व मागचा धन अग्राला जोडतात. विजेचा फेरा या दोहोंमध्ये पूर्ण होतो आणि टोक ज्या स्नायूला टेकले असेल तो स्नायू उद्दीपित होतो. तेथून आकुंचनाची लाट साऱ्या निलयांत पसरते.

या कॅथेटरचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला प्रकार काहीसा ताठ असून तो क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हाताने वळवून योग्य जागी न्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात टोकाजवळ एक इवलासा फुगा असतो. जेरेमी स्वान व विल्यम गँझ यांनी १९७० मध्ये हृदयातील दाब मोजण्यासाठी फुग्याचे कॅथेटर प्रसिद्ध केले. शिडात वारा भरून नाव पुढे जावी, तद्वत रक्ताच्या प्रवाहाने फुगा वाहत जावा, ही त्यातील कल्पना. तीच पेसिंगसाठीही उपयोगी पडली. मोठ्या शिरेत शिरल्यावर फुग्यात एक ते दीड मिलिलिटर हवा भरतात आणि रक्तच कॅथेटरला हृदयाकडे घेऊन जाते. क्ष-किरण यंत्र जवळ नसेल तेथे हा प्रकार विशेष सोयीचा ठरतो. मात्र रक्ताभिसरण जवळजवळ थांबले असेल तर फुगा वाहून नेण्यास प्रवाहच उरत नाही. तसेच फुगा फुगलेला असताना कॅथेटर मागे ओढल्यास झडपेला इजा होऊ शकते. तिसऱ्या प्रकारात टोकाला मळसूत्र असते व ते स्नायूत हलकेच फिरवून बसवितात. आधार अधिक दिवस लागणार असेल, तर अशी तार आणि बाहेर कातडीवर पक्का केलेला पेसमेकर यांचा उपयोग आता केला जातो. त्यामुळे तार निसटण्याचे भय कमी होते आणि रुग्णाला अंथरुणाबाहेर हालचाल करता येते.

हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर हंगामी तारा टाचून त्यांची टोके छातीबाहेर आणून ठेवतात. याचेही तत्त्व हेच आहे.

तार कशी बसवितात

या कामी सहसा संपूर्ण भूल देण्यात येत नाही. मानेतील, गळ्याखालील आडव्या हाडामागील किंवा जांघेतील मोठ्या शिरेवरची जागा बधिर केली जाते. सोनोग्राफीच्या साहाय्याने शीर पाहून सुई घातल्यास चुकीच्या जागी टोचले जाण्याचा संभव कमी होतो. शिरेत एक लहान आवरणनळी बसवून तिच्यातून कॅथेटर आत सरकवितात. ते महाशिरेतून उजव्या अलिंदात, तेथून त्रिदली झडप ओलांडून उजव्या निलयात जाते व त्याच्या तळटोकाशी स्थिरावते. आत थोडी ढील ठेवावी लागते. तार फार ताणलेली असेल तर दीर्घ श्वासासरशी टोक सुटते. फार सैल असेल तर ते भलतीकडे वळते.

आता बाहेरचे यंत्र जोडण्यात येते. त्यावर तीन गोष्टी ठरवावयाच्या असतात. पहिली गती, ती बहुधा मिनिटाला ६० ते ८० ठेवतात. दुसरी प्रवाहाची शक्ती. सुरुवातीस ती पुरेशी मोठी ठेवून प्रत्येक विद्युत्-ठोक्यानंतर हृदयाचे आकुंचन होते की नाही हे ईसीजीवर आणि नाडीवर पाहतात. मग शक्ती हळूहळू कमी करीत नेतात. ज्या मापाखाली हृदय प्रतिसाद देईनासे होते, त्यास 'उंबरठा' म्हणतात. तार नीट बसली असेल तर हा उंबरठा एक मिलिअँपिअरहून कमी येतो. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी यंत्र उंबरठ्याच्या दोन ते तीन पट शक्तीवर ठेवतात, कारण पुढील काही दिवसांत टोकाभोवतीच्या स्नायूला सूज येऊन उंबरठा वर चढतो.

तिसरी गोष्ट यंत्राच्या जाणिवेची. हृदयाने स्वतःहून ठोका दिला, तर तो ओळखून यंत्राने गप्प राहिले पाहिजे. हृदयाचा ठोका संपून स्नायू पूर्ववत होत असतानाच्या नाजूक क्षणी बाहेरचा विद्युत्-ठोका पडला, तर हृदयाची लय बिघडून प्राणघातक थरथर सुरू होऊ शकते. म्हणून यंत्र 'मागणीप्रमाणे' चालवितात. हृदय मागे पडेल तेवढ्यापुरतेच ते पुढे येते. शेवटी तार कातडीला टाक्यांनी पक्की करून छातीचे क्ष-किरण छायाचित्र काढतात.

गरज केव्हा आणि केव्हा नाही

नाडी मंद आहे एवढ्यावरून तार टाकीत नाहीत. कसलेल्या खेळाडूची किंवा गाढ झोपलेल्या माणसाची नाडी पन्नासच्या खाली असू शकते आणि तो निरोगी असतो. मंद गतीमुळे शुद्ध हरपत असेल, रक्तदाब घसरत असेल, छातीत दुखत असेल अगर धाप लागत असेल, आणि अ‍ॅट्रोपीनसारख्या औषधांनी सुधारणा होत नसेल, तरच या उपायाचा विचार करतात. तार बसेपर्यंतच्या वेळात छातीवर चिकटविण्याच्या पट्ट्यांतून पेसिंग करता येते. झोल यांचीच ही पद्धत आता पुष्कळ सुधारली आहे. तरी ती त्रासदायक असल्याने वेदनाशामक औषध द्यावे लागते.

हंगामी पेसिंगचे मर्म हे की, कारण दूर होईपर्यंत ते वेळ मिळवून देते. हृदयविकाराच्या झटक्यात याचे उदाहरण चांगले दिसते. बहुसंख्य लोकांत मधल्या गाठीला रक्त उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीकडून मिळते. ती बंद पडून हृदयाच्या खालच्या भागाला इजा झाली, तर होणारा रोध पुष्कळदा तात्पुरता असतो. रक्तवाहिनी मोकळी केल्यावर काही तासांत किंवा दिवसांत गाठ पुन्हा काम करू लागते आणि तार काढून टाकता येते. याउलट, हृदयाच्या पुढच्या भागाला मोठा झटका येऊन रोध झाला असेल, तर स्नायूचीच हानी फार झालेली असते. तार गती सांभाळते, परंतु दुबळ्या झालेल्या स्नायूला ती बळ देऊ शकत नाही. तार टाकूनही रुग्ण न वाचण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते, हे आप्तांनी समजून घ्यावे.

गती मंदावणारी औषधे अधिक प्रमाणात शरीरात साठणे, मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तातील पोटॅशियम वाढणे, ही आणखी काही कारणे. वाढलेल्या पोटॅशियमवर वेळीच औषधोपचार झाल्यास अनेकदा तारेची गरजही भासत नाही.

आपल्या ग्रामीण भागात आणखी एक कारण ध्यानात ठेवले पाहिजे. कुंपणाला आणि देवळाच्या आवारात लावली जाणारी बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर, अत्यंत विषारी आहे. तिच्या बियांतील द्रव्ये हृदयाच्या विद्युत्-मार्गावर आघात करतात व नाडी धोकादायक रीतीने मंदावते. रुग्ण प्रथम ठीक दिसला तरी पुढे हृद्-रोध उद्भवू शकतो. म्हणून त्याला तात्काळ रुग्णालयात नेऊन सतत ईसीजीखाली ठेवणे अवश्य असते. अशा वेळी हंगामी पेसिंग उपयोगी पडते. मात्र विषाने चिडलेल्या हृदयाला तारेचा स्पर्शही अपाय करू शकतो, म्हणून निर्णय अनुभवी डॉक्टरांनीच घ्यावा लागतो. लहान मुलांना या झाडापासून दूर ठेवावे. मनाने खचलेल्या व्यक्तीला टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, हेही सर्वांस ठाऊक असावे.

ज्यांचा रोध कायमचा असतो, त्यांना पुढे कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. हंगामी तार हा त्या दोन टप्प्यांमधला पूल होय. पूल जेवढा थोडा काळ वापरावा लागेल तेवढे बरे. म्हणूनच रुग्णाची स्थिती स्थिर असेल आणि कायमचा पेसमेकर लवकर बसविता येण्यासारखा असेल, तर मधली हंगामी तार टाळण्याकडेच आता वैद्यकाचा कल आहे.

धोके व दक्षता

कोणत्याही उपायाप्रमाणे यातही धोके आहेत आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. शिरेऐवजी शेजारच्या रोहिणीला किंवा फुफ्फुसाच्या आवरणाला सुई लागू शकते. आत शिरलेल्या मार्गाने जंतूंचा प्रादुर्भाव होतो. दिवस वाढतील तसा हा धोका वाढतो. शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. सर्वांत अधिक वेळा घडणारी गोष्ट म्हणजे टोक जागचे हलणे. तसे झाले की यंत्र ठोके देत राहते, परंतु हृदय प्रतिसाद देत नाही. क्वचित टोक निलयाची पातळ भिंत भेदून बाहेर जाते व हृदयावरणात रक्त साठून हृदयावर दाब येतो. रुग्णाला यंत्राच्या तालावर उचक्या लागणे, छातीत नव्याने दुखणे, रक्तदाब घसरणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळविले पाहिजे.

विजेच्या बाबतीत एक विशेष दक्षता घ्यावी लागते. कोरड्या कातडीचा रोध मोठा असल्याने विजेच्या किरकोळ गळतीपासून आपले एरवी रक्षण होते. परंतु कॅथेटर हा थेट हृदयापर्यंत गेलेला वाहक मार्ग आहे. हाताला ज्याची झिणझिणीही जाणवणार नाही असा, मिलिअँपिअरच्या दशांशाइतका प्रवाहदेखील त्या वाटेने गेल्यास हृदयाची थरथर सुरू होऊ शकते. म्हणून तारेची उघडी टोके हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, न जोडलेली टोके विद्युत्-रोधक आवरणात ठेवावीत आणि खाटेभोवतालच्या उपकरणांचे अर्थिंग निर्दोष आहे याची खात्री करून घ्यावी.

या सर्व दक्षतेचा भार मुख्यत्वे परिचारिकेवर असतो. पाळी बदलताना यंत्रावरील आकडे, तारेच्या जोडण्या व टाके पाहणे, उंबरठा दररोज मोजला गेला आहे याची नोंद तपासणे, पट्टी स्वच्छ व कोरडी ठेवणे, नवी बॅटरी हाताशी ठेवणे आणि पडद्यावरील रेषेबरोबर प्रत्यक्ष नाडीही हाताने पाहणे, ही कामे साधी दिसतात. परंतु सैल झालेली एक जोडणी किंवा संपत आलेली एक बॅटरी वेळेवर लक्षात येणे, यावरच रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

नातेवाइकांसाठी चार गोष्टी

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : रोधाचे कारण कोणते, तो बरा होण्याची शक्यता कितपत आहे, आणि पुढे कायमचा पेसमेकर लागेल काय. तार असताना रुग्णाने डॉक्टरांच्या परवानगीवाचून उठून बसू नये. जांघेतून तार टाकली असेल तर तो पाय दुमडू नये. यंत्राला अगर जोडण्यांना आप्तांनी हात लावू नये. रुग्णाचा हात हाती घेण्यास मात्र कसलीही भीती नाही. त्यातून विजेचा धक्का बसत नाही, उलट रुग्णाला धीर मिळतो.

गावापासून रुग्णालयापर्यंत

मोठ्या शहरांतून हा उपचार सहज मिळतो. सह्याद्रीच्या घाटांपलीकडील वाड्या, सातपुड्यातील पाडे किंवा गडचिरोलीची अरण्यगावे येथून मात्र हृदयरोगतज्ज्ञापर्यंतचा रस्ता लांबचा आहे. अशा ठिकाणी उपचार ही एक साखळी असते व तिचा पहिला दुवा घरीच असतो. वयस्क माणूस वारंवार घेरी येऊन पडत असेल, तर 'अशक्तपणा' म्हणून ते सोडून न देता नाडी मोजावी. बेशुद्धी अगर छातीतील कळ असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून, अ‍ॅट्रोपीन सुरू करून व उपलब्ध असल्यास छातीवरील पट्ट्यांनी आधार देऊन पुढे पाठविता येते. जिल्हास्तरावर हंगामी तार पडली, तर तेथून मोठ्या रुग्णालयात नेताना जादा बॅटरी आणि यंत्र जाणणारी व्यक्ती सोबत असलीच पाहिजे. खडबडीत रस्त्यावर टोक हलण्याचा संभव असतो. हे कौशल्य सरावाने टिकते. म्हणून लहान रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिका यांना त्याचे प्रशिक्षण वेळोवेळी मिळत राहणे महत्त्वाचे आहे.

संशोधनही थांबलेले नाही. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये शरीरातच विरघळून जाणारा, बॅटरी व तारा नसलेला हंगामी पेसमेकर प्राण्यांवर यशस्वी करून दाखविला, तर २०२५ मध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान आणि प्रकाशाने नियंत्रित होणारा पेसमेकर प्रसिद्ध केला. असे उपाय सर्रास वापरात येईपर्यंत रुग्णाच्या हृदयाला आधार द्यावयाचा आहे तो याच दोन मिलिमीटरच्या तारेने.

पाटाचे दार दुरुस्त झाले की बाजूने काढलेली तात्पुरती चारी बुजवून टाकतात. त्याचप्रमाणे हृदय आपल्या गतीने चालू लागले, किंवा कायमचा पेसमेकर बसला, की ही तार हलक्या हाताने काढून घेतली जाते आणि टोचल्या जागी एक लहानशी खूण तेवढी उरते. तोवर मिळालेला अवधी मात्र रुग्णाच्या आयुष्यात मोलाचा ठरलेला असतो.